हिंदुस्थानी स्वरलिपीतील 'कोमल' ही संज्ञा : अर्थ, उगम आणि स्थित्यंतर

प्रस्तावना

हिंदुस्थानी संगीताच्या कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकात स्वरांचे वर्गीकरण एका ठरावीक पद्धतीने दिलेले आढळते. सप्तकात सात शुद्ध स्वर असतात. त्यांपैकी षड्ज आणि पंचम हे अचल होत. ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद हे आपल्या शुद्ध स्थानापासून खाली उतरले की त्यांना 'कोमल' म्हणतात, तर मध्यम आपल्या स्थानापासून वर चढला की त्यास 'तीव्र' म्हणतात. अशा रीतीने सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र मिळून बारा स्वर होतात. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराच्या अक्षराखाली आडवी रेषा देतात आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेषा देतात.

ही व्याख्या संगीताचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी पाठ करतो. मात्र तिच्यात दडलेले दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. पहिला प्रश्न असा की, चार स्वर खाली उतरतात आणि एकच स्वर वर चढतो, ही विषमता कशामुळे निर्माण झाली? दुसरा प्रश्न असा की, जुन्या संस्कृत ग्रंथांत 'शुद्ध', 'कोमल' आणि 'तीव्र' हे शब्द आढळतात, तेव्हा त्यांचा अर्थ आजच्यासारखाच घ्यावा काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे परस्परांशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात 'कोमल' या संज्ञेचा इतिहास तपासून त्या उत्तरांची मांडणी केली आहे.

'कोमल'पूर्व परिभाषा

'कोमल' हा संस्कृतातील नित्य व्यवहारातला शब्द आहे. मृदू, नाजूक, सुकुमार असा त्याचा अर्थ होतो. संगीतशास्त्रात मात्र तो आरंभापासून पारिभाषिक शब्द म्हणून वापरात नव्हता. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त सप्तकाचे बावीस श्रुतींत विभाजन केले आहे. श्रुती म्हणजे कानाला वेगळे ओळखू येणारे सूक्ष्म स्वरांतर. सात स्वरांना या श्रुती अनुक्रमे चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा वाटून दिल्या आहेत. स्वरांत होणाऱ्या बदलांपैकी भरताने 'अंतर गांधार' आणि 'काकली निषाद' हे दोन प्रमुख मानले. या दोन्ही प्रकारांत स्वर आपल्या पुढील स्वराच्या दोन श्रुती घेऊन वर चढतो. म्हणजे तेथे विकृतीची दिशा ऊर्ध्व होती.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव नृपती सिंघणाच्या आश्रयाखाली शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्यात सात शुद्ध आणि बारा विकृत स्वर सांगितले आहेत. विकृत स्वरांची नावे साधारण, अंतर, कैशिक, काकली, च्युत, अच्युत अशा स्वरूपाची आहेत. यांपैकी 'च्युत' हा शब्द लक्षणीय आहे. आपल्या स्थानावरून खाली घसरलेला, असा त्याचा अर्थ असून खाली उतरणाऱ्या स्वरासाठी स्वतंत्र विशेषण योजण्याची कल्पना त्यात स्पष्ट दिसते.

पुढील ग्रंथकारांनी हीच कल्पना निरनिराळ्या शब्दांनी व्यक्त केली. सोळाव्या शतकात खानदेशातील फारुकी राज्यकर्त्या बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने पुंडरीक विठ्ठलाने 'सद्रागचंद्रोदय' लिहिला. त्यात 'लघु' हे विशेषण आढळते. इ.स. १६०९ मधील सोमनाथाच्या 'रागविबोधा'त त्या जागी 'मृदु' हे विशेषण येते. च्युत, लघु आणि मृदु या तिन्ही शब्दांनी प्रामुख्याने षड्ज, मध्यम व पंचम यांची उतरलेली रूपे दर्शविली जात. आज ज्या षड्ज-पंचमांना आपण अचल मानतो, त्यांचीच ही विकृत रूपे होती. त्यामुळे 'मृदु' म्हणजेच आजचा 'कोमल', असे सरळ समीकरण मांडता येत नाही. तथापि, उतरलेल्या स्वराला मऊपणाचे विशेषण लावण्याची प्रवृत्ती 'कोमल' शब्द रूढ होण्यापूर्वीच शास्त्रग्रंथांत रुजली होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

तारेवरील मापन आणि 'कोमल'चा मूळ अर्थ

सतराव्या शतकातील अहोबल पंडिताच्या 'संगीत पारिजात' या ग्रंथात 'कोमल' आणि 'तीव्र' या संज्ञा पद्धतशीरपणे योजलेल्या दिसतात. त्यांच्या जोडीला पूर्व, तीव्रतर, तीव्रतम आणि अतितीव्रतम अशी विशेषणेही आहेत. या ग्रंथाचे दुसरे वैशिष्ट्य असे की, स्वरांची स्थाने केवळ श्रुतिसंख्येने न सांगता वीणेच्या तारेच्या लांबीने सांगितली आहेत. हीच पद्धती श्रीनिवास पंडिताने 'रागतत्त्वविबोधा'त अधिक विशद केली. या मापनामुळे आजच्या अभ्यासकाला त्या काळातील स्वर गणिताने पडताळून पाहता येतात.

सोयीसाठी आधुनिक लेखक तारेची संपूर्ण लांबी ३६ इंच धरतात. मोकळी तार हा षड्ज. तारेच्या निम्म्यावर, म्हणजे १८ इंचांवर, तार षड्ज येतो. या दोहोंच्या बरोबर मध्यावर, म्हणजे २७ इंचांवर, मध्यम येतो आणि २४ इंचांवर पंचम येतो. ही स्थाने आजच्या व्यवहाराशी तंतोतंत जुळतात. पुढे शुद्ध गांधार हा षड्ज आणि पंचम यांच्या मध्यावर सांगितला आहे. ३६ आणि २४ यांचा मध्य ३० होतो. तीस इंचांची तार छेडली असता निघणाऱ्या स्वराचे षड्जाशी प्रमाण सहास पाच असे येते, आणि हे प्रमाण आजच्या कोमल गांधाराचे आहे. अर्थात, अहोबल आणि श्रीनिवास ज्याला 'शुद्ध गांधार' म्हणतात, त्याला आजचा गायक 'कोमल गांधार' म्हणतो.

मग आजचा शुद्ध गांधार त्यांच्या परिभाषेत कोठे सापडतो? श्रीनिवासाने 'तीव्र गांधार' हा षड्ज आणि धैवत यांच्या मध्यावर ठेवला आहे. त्याचा धैवत २१ १/३ इंचांवर येतो. म्हणून तीव्र गांधार २८ २/३ इंचांवर पडतो. पाचास चार या प्रमाणाचा, आज सर्वमान्य असलेला शुद्ध गांधार २८.८ इंचांवर येतो. दोहोंतील फरक अत्यल्प आहे. निषादाच्या बाबतीतही हाच प्रकार घडतो. श्रीनिवासाचा शुद्ध निषाद म्हणजे आजचा कोमल निषाद, आणि त्याचा तीव्र निषाद म्हणजे आजचा शुद्ध निषाद होय.

याउलट ऋषभ आणि धैवत यांची परिस्थिती आहे. श्रीनिवासाचा शुद्ध ऋषभ ३२ इंचांवर, तर कोमल ऋषभ ३३ १/३ इंचांवर आहे. हे दोन्ही स्वर आजही त्याच नावांनी ओळखले जातात. श्रीनिवासाच्या बारा स्वरांची व्यवस्था आजच्या परिभाषेशी ताडून पाहिली असता पुढील चित्र दिसते :

१) कोमल ऋषभ : आजही कोमल ऋषभ.
२) शुद्ध गांधार : आजचा कोमल गांधार, तीव्र गांधार : आजचा शुद्ध गांधार.
३) तीव्रतर मध्यम : आजचा तीव्र मध्यम.
४) कोमल धैवत : आजही कोमल धैवत.
५) शुद्ध निषाद : आजचा कोमल निषाद, तीव्र निषाद : आजचा शुद्ध निषाद.

या व्यवस्थेत दोन स्वर कोमल होतात आणि तीन स्वर चढतात. आजच्या पद्धतीतील चार विरुद्ध एक अशी विषमता तेथे नाही. सप्तकातील ध्वनी तेच आहेत. बदल झाला आहे तो नावांत. आणि नावे बदलण्याचे कारण एकच आहे, ते म्हणजे मूळ मानलेले शुद्ध सप्तक बदलले.

शुद्ध सप्तकाचे स्थित्यंतर

अहोबलाचे शुद्ध सप्तक हे आजच्या काफी थाटाशी जुळणारे होते. आजचे शुद्ध सप्तक बिलावल थाटाचे आहे. हा पालट कसा घडला हे समजण्यासाठी श्रुतींच्या वाटणीकडे पुन्हा वळावे लागते. चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन ही वाटणी प्राचीन आणि आधुनिक दोन्ही ग्रंथकारांना मान्य आहे. प्राचीनांनी प्रत्येक स्वर त्याच्या वाट्याच्या अंतिम श्रुतीवर स्थापन केला. त्यानुसार षड्ज चौथ्या, ऋषभ सातव्या, गांधार नवव्या, मध्यम तेराव्या, पंचम सतराव्या, धैवत विसाव्या आणि निषाद बाविसाव्या श्रुतीवर येतो. आधुनिकांनी प्रत्येक स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवला. त्यानुसार तेच स्वर अनुक्रमे पहिल्या, पाचव्या, आठव्या, दहाव्या, चौदाव्या, अठराव्या आणि एकविसाव्या श्रुतीवर येतात.

पहिल्या रीतीने ऋषभ आणि गांधार यांच्यात अवघ्या दोन श्रुतींचे, तर गांधार आणि मध्यम यांच्यात चार श्रुतींचे अंतर पडते. दुसऱ्या रीतीने ऋषभ-गांधारात तीन आणि गांधार-मध्यमात दोन श्रुती राहतात. पहिल्या मांडणीत गांधार ऋषभाला जवळ आहे, तर दुसऱ्या मांडणीत तो मध्यमाला जवळ आहे. आकडे न बदलता केवळ खुंटी हलविल्याने काफीचे बिलावल झाले, असे या फरकाचे वर्णन करता येईल. यामुळेच आधुनिक पद्धतीला प्राचीन श्रुतिविभागणीचा आधार सांगता आला आणि प्रत्यक्षात झालेला बदल वरवर पाहता दिसेनासा झाला.

बिलावलास शुद्ध सप्तक मानण्याचे श्रेय अनेकदा एकट्या पं. भातखंडे यांना दिले जाते. वस्तुतः हा संकेत त्यांच्यापूर्वी शतकभर उत्तरेत रुळत होता. जयपूरचे सवाई प्रतापसिंह (राज्यकाल इ.स. १७७८ ते १८०३) यांच्या आश्रयाने 'राधागोविंद संगीतसार' हा ग्रंथ तयार झाला, त्यात बिलावल हेच शुद्ध सप्तक धरलेले आहे. पुणे गायन समाजाने विसाव्या शतकाच्या आरंभी हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पाटण्याचे महंमद रझा यांनी इ.स. १८१३ मध्ये फारसीत लिहिलेल्या 'नगमाते आसफी'तही हीच भूमिका घेतली आहे. या दोन्ही ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष स्वतः भातखंडे यांनीच वेधले.

या कालक्रमामुळे दोन प्रचलित समजांचे निराकरण होते. पेटीवर पांढरी एक ही पट्टी षड्ज धरली असता सर्व शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर आणि चार कोमल व एक तीव्र हे काळ्या पट्ट्यांवर येतात. त्यावरून आजचे शुद्ध सप्तक हे पेटीचेच अपत्य असावे, असा एक समज आहे. परंतु पेटी हे वाद्य युरोपात इ.स. १८४० च्या सुमारास आकाराला आले आणि त्यानंतर ते भारतात पोहोचले. त्यापूर्वीच वरील दोन्ही ग्रंथ लिहिले गेले होते. पेटीने हा संकेत डोळ्यांना दिसेल असा पक्का केला. मात्र तो तिने निर्माण केला नाही.

दुसरा समज असा की, 'कोमल' हे इंग्रजी 'फ्लॅट' या संज्ञेचे भाषांतर आहे. 'फ्लॅट' या शब्दाचा अर्थ सपाट असा होतो, मऊ असा नाही. शिवाय ब्रिटिश काळातील स्वरलेखनाच्या पुस्तकांपूर्वी 'कोमल' ही संज्ञा संस्कृत ग्रंथांत आलेली आहे. येथे एक योगायोग मात्र नोंदविण्याजोगा आहे. मध्ययुगीन युरोपात 'बी' या स्वराची दोन रूपे मानीत. उतरलेल्या रूपाला लॅटिनमध्ये 'मोले', म्हणजे मृदू, म्हणत आणि ते गोल वळणाच्या 'बी' अक्षराने लिहीत. त्याच अक्षरापासून पाश्चात्त्य लिपीतील उतरलेल्या स्वराची आजची खूण तयार झाली आणि फ्रेंच भाषेतील 'बेमोल' हा शब्दही तेथूनच आला. दोन भिन्न परंपरांनी उतरलेल्या स्वराला मृदुत्वाचेच विशेषण लावावे, यामागे समान श्रवणानुभव असणे संभवते. एकीने दुसरीकडून शब्द घेतला, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

स्वरलिपी आणि संज्ञेचे स्थिरीकरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतशिक्षण घराण्यांच्या चौकटीबाहेर पडू लागले. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी व शौरींद्रमोहन टागोर यांनी आणि बडोद्यात मौलाबक्ष यांनी स्वरलेखनाचे प्रयत्न केले. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. वर्गात अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी शिकवावयाचे, तर बंदिशी छापून त्यांच्या हाती देणे आवश्यक होते. त्यासाठी पलुसकरांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. इ.स. १९१० पासून भातखंडे यांचे 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' आणि मराठीतील 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हे ग्रंथ प्रकाशित होऊ लागले. पुढे 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्यांनी घराण्यांतील बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या.

या दोन स्वरलिपींतील खुणा परस्परांपासून भिन्न आहेत. पलुसकर पद्धतीत कोमल स्वराच्या अक्षराला हलंत चिन्ह देतात, तर भातखंडे पद्धतीत त्याखाली आडवी रेषा देतात. भातखंडे पद्धतीत अक्षरावरील बिंदू तार सप्तक दर्शवितो, तर पलुसकर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तक दर्शवितो. अक्षरावरील उभी रेषा एका पद्धतीत तीव्र मध्यमाची, तर दुसरीत तार सप्तकाची खूण ठरते. यावरून स्वरलिपीतील चिन्ह हा केवळ एक संकेत असतो हे स्पष्ट होते. परंतु एका बाबतीत दोन्ही पद्धतींचे एकमत आहे. शुद्ध स्वराला कोणतीही खूण नाही. खूण आहे ती विकृत स्वराला. म्हणजेच बिलावल हे खुणेविना लिहिले जाणारे, गृहीत धरलेले सप्तक ठरले.

मौखिक परंपरेत 'कोमल' आणि 'तीव्र' या शब्दांना काहीशी लवचीकता होती. गवई 'चढा' व 'उतरा' असे शब्दही वापरीत. क्रमिक पुस्तकांत उद्धृत केलेल्या रागलक्षणपर हिंदी दोह्यांत यमनाचे सर्व स्वर 'तीवर' म्हटलेले आढळतात. तेथे तीव्र मध्यमाबरोबरच शुद्ध ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद यांनाही 'तीवर' ही संज्ञा लागू केली आहे. आजच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग चुकीचा वाटतो. प्रत्यक्षात तो जुन्या परिभाषेचा अवशेष आहे. त्या परिभाषेत प्रत्येक चल स्वराला चढे आणि उतरे अशी दोन रूपे असत. छापील स्वरलिपीने शुद्ध स्वराची खूण काढून टाकली आणि ही दुहेरी नामावली मागे पडली. 'तीव्र' हे विशेषण एकट्या मध्यमापुरते उरले.

दाक्षिणात्य परिभाषेशी तुलना

कर्नाटक संगीतात 'कोमल' ही संज्ञा शास्त्रीय परिभाषेत रूढ झाली नाही. तेथे 'शुद्ध' म्हणजे त्या स्वराचे सर्वांत खालचे स्थान. म्हणून कर्नाटक पद्धतीतील शुद्ध ऋषभ आणि शुद्ध धैवत हे हिंदुस्थानी पद्धतीतील कोमल ऋषभ आणि कोमल धैवत होत. हिंदुस्थानी कोमल गांधाराला तेथे साधारण गांधार, तर शुद्ध गांधाराला अंतर गांधार म्हणतात. त्याचप्रमाणे कोमल निषाद हा कैशिक निषाद आणि शुद्ध निषाद हा काकली निषाद होतो. 'संगीतरत्नाकरा'तील नावे दक्षिणेत आजही प्रचारात आहेत; उत्तरेत मात्र ती केवळ ग्रंथांत उरली.

या भेदाचा परिणाम महाराष्ट्राशी संबंधित साधनांच्या वाचनावरही होतो. तंजावरच्या भोसले घराण्यातील तुळजाराजे यांनी अठराव्या शतकात रचलेला 'संगीत सारामृत' हा ग्रंथ दाक्षिणात्य परिभाषेत आहे. त्यातील 'शुद्ध' शब्द मराठी वाचकाने आपल्या सवयीने वाचला, तर वर्णिलेल्या रागाचे स्वरूप पूर्णतः बदलून जाईल. भातखंडे यांनी इ.स. १९०४ मध्ये दक्षिणेचा प्रवास केला आणि एट्टयापुरम येथे सुब्बराम दीक्षितार यांची भेट घेतली. दक्षिणेतील ग्रंथ व विद्वान यांच्याशी आलेल्या या संपर्कानंतर त्यांनी आपल्या लेखनात प्राचीन व अर्वाचीन स्वरनामांची तुलना वारंवार केली. हा भाग पाठ्यपुस्तकांत क्वचितच उतरला.

एक खूण, अनेक स्थाने

स्वरलिपीतील खूण स्थिर झाल्यावर एक वेगळा वाद उभा राहिला. दरबारी कानड्यातील आंदोलित गांधार, तोडीतील गांधार आणि भीमपलासीतील गांधार हे तिन्ही लिहिताना 'कोमल' म्हणूनच लिहिले जातात. गाताना मात्र त्यांची उंची आणि लगाव भिन्न असतो. गुरुमुखातून शिकविताना 'अतिकोमल' असा शब्द वापरला जातो. त्यासाठी प्रचलित स्वरलिपीत स्वतंत्र खूण नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी श्रुतींचे गणिती मापन करून सूक्ष्म भेद दर्शविण्याचा आग्रह धरला. उलट, बारा स्वरांवर आधारलेली सुलभ पद्धतीच शिक्षणाला उपयुक्त आहे, अशी भातखंडे यांची भूमिका होती. इ.स. १९१६ मध्ये बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा मतभेद प्रकर्षाने पुढे आला. कालांतराने बारा स्वरांची पद्धती सार्वत्रिक झाली. त्यामुळे असंख्य बंदिशी नष्ट होण्यापासून वाचल्या, हे मान्य करावे लागते. त्याचबरोबर, कागदावरील कोमल गांधार हा रागातील गांधाराचा केवळ निर्देश करतो, त्याचे पूर्ण वर्णन करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

निष्कर्ष

१) 'कोमल' ही संज्ञा पाश्चात्त्य परिभाषेचे भाषांतर नसून ती सतराव्या शतकातील संस्कृत ग्रंथांत प्रस्थापित झालेली आहे. उतरलेल्या स्वरासाठी च्युत, लघु, मृदु अशी विशेषणे योजण्याची परंपरा तिच्या आधीची आहे.

२) 'कोमल' हे सापेक्ष विशेषण आहे. शुद्ध सप्तक कोणते मानले आहे, हे ठरल्याशिवाय त्याला निश्चित अर्थ प्राप्त होत नाही. शुद्ध सप्तक काफीवरून बिलावलाकडे सरकले, तेव्हा गांधार आणि निषाद यांची जुनी शुद्ध रूपे 'कोमल' या नावाखाली आली. आजच्या चार कोमल आणि एक तीव्र या विषमतेचे मूळ येथे आहे.

३) छापील स्वरलिपीने शुद्ध स्वर खुणेविना लिहिण्याचा संकेत रूढ केला. त्यामुळे एका विशिष्ट काळातील परिभाषा ही सार्वकालिक आहे, असा भास निर्माण झाला.

४) जुन्या ग्रंथांतील रागवर्णने वाचताना प्रथम त्या ग्रंथाचे शुद्ध सप्तक निश्चित करणे अनिवार्य आहे. तसे न केल्यास ग्रंथकाराने सांगितलेला राग एक आणि अभ्यासकाने गायलेला राग दुसराच, अशी स्थिती उद्भवते. पदवी स्तरावरील अभ्यासक्रमात स्वरलिपीच्या खुणांसोबत या संज्ञांचा इतिहासही शिकविला गेल्यास ही विसंगती टाळता येईल.